बिल्ल्याची लाल बाजू

२२ जून, शनिवार

आलो एकदाचे हॅस्केल पॉइंटला. गाडीतून उतरायच्या आतच मॉडने मला बजावलं, "हे बघ, फाटकाच्या आत तू माझी आई नाहीस. मी तुला नर्सबाई म्हणणार. आणि माझ्याकडे बघून ते तोंड करायचं नाही."

"कुठलं तोंड?"

"हेच. आत्ता केलंस ते."

तेरा वर्षांची झाली, आता काय सांगायचं तिला! बॅग उचलली आणि केबिनकडे पळाली, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी आपली दवाखान्याच्या किल्ल्या घेऊन उभी.

फ्रेडीबाई हॅस्केल भेटल्या. कॅम्प त्यांच्या आजोबांनी काढलेला. बाई सत्तरीच्या, अंगात खाकी अर्धी चड्डी, गुडघे खरचटलेले. सहा वर्षांच्या पोरीही त्यांना नुसतं फ्रेडी म्हणतात. माझ्याच्याने होत नाही, मी बाई म्हणते. त्यांनी एकच नियम सांगितला, "लोरेन, इथे एकशे बारा मुली. एकशे अकरा तुझ्या. मॉड माझी. तिला खरचटलं तरी मी बघणार, मोठं काही असलं तर गावातला डॉक्टर बघणार. तिची फाइल माझ्या कपाटात. जमेल?"

"जमेल," म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मी नर्स झाले म्हणून मॉड इथे फुकट आहे, एरवी आम्हाला हा कॅम्प झेपला नसता.

पण दम्याचा पंप तिच्या कमरेच्या पाकिटात आहे की नाही, हे कोणी बघितलं असेल का?

२५ जून, मंगळवार

दुपारी जेवणानंतर तासभर अख्ख्या कॅम्पला सक्तीने आडवं व्हायचं असतं. तेवढा वेळ लिहायला बरा. आडवी मी होऊच शकत नाही.

आज तळ्यावर गेले होते. कामासाठीच. ऑक्सिजनची पिशवी कुठे ठेवायची ते बघायला. मला पोहता येत नाही, पाण्याची भीतीच आहे, म्हणून धक्क्याच्या अलीकडेच थांबले. तिथे एक मोठा फळा आहे. त्यावर एकशे बारा खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर एका मुलीच्या नावाचा लाकडी गोल बिल्ला. बिल्ल्याची एक बाजू पांढरी, एक लाल. पाण्यात उतरताना आपला बिल्ला आपण उलटायचा, लाल बाजू वर. बाहेर आलं की परत पांढरी. दुसऱ्या कुणी उलटायचा नाही, मैत्रिणीनेसुद्धा नाही. शिवाय पाण्यात प्रत्येकीला एक जोडीदारीण. दर दहा मिनिटांनी शिट्टी होते, की दोघींनी हात धरून वर करायचे. मोजणी.

पाण्याची सगळी जबाबदारी ग्रीर नावाच्या पोरीवर. चोवीस वर्षांची, आवाज फौजदाराचा. मी तिला विचारलं, "एखादी विसरली उलटायला तर?"

"आठवडाभर पाणी बंद," ग्रीर म्हणाली. "आणि नर्सबाई, विसरणं म्हणजे काय ते आम्ही अख्ख्या कॅम्पला तळं पिंजून काढायला लावून दाखवतो. एकदा बघितलंत की तुम्हीसुद्धा विसरणार नाही."

मॉडची जोडीदारीण ओडेसा. बारीक, तिरकं हसणारी, एक क्षण तोंड बंद नाही. दोघी हात धरून पाण्यात उड्या मारत होत्या. मॉड मोठ्यांदा हसत होती. घरी असं हसलेलं ऐकून मला किती दिवस झाले, ते आठवायला गेले आणि सोडून दिलं.

३० जून, रविवार

रविवारी घरी पत्र लिहायचं. पत्र दाखवल्याशिवाय रात्रीच्या जेवणाला दार उघडत नाहीत. तळलेलं चिकन असतं, त्यामुळे दगडसुद्धा पत्र लिहील.

मी दारात उभी राहून जुलाबवाल्या दोघींना वेगळं काढत होते. मॉड आली, पाकीट टोपलीत टाकताना पत्त्यावर हात. मुद्दाम! मी इथे, मग ही लिहिते कुणाला? बापालाच. रेमंड ॲरिझोनाला गेल्याला तीन वर्षं झाली, वाढदिवसाला फोन करायची शुद्ध नसते त्याला, आणि याला दर आठवड्याला चार पानी पत्र. लिही बाई, लिही. मला काय!

चिकन तसंच परत केलं.

५ जुलै, शुक्रवार

होड्यांच्या सहलीची यादी लागली. पाच दिवस नदीतून वल्हवत जायचं, तंबूत राहायचं, बरोबर ग्रीर आणि आठ मुली. नर्स नाही. रस्ता नाही. फोन लागत नाही. अट एकच, अठरा तारखेला तळं पोहून ओलांडायचं, या काठापासून त्या काठाला. जमलं तर सहल.

मॉडचं नाव यादीत पहिलं. स्वतःच्या हाताने लिहिलेलं, खाली दोन रेघा.

नऊ वर्षांची होती तेव्हा चार दिवस नळ्या लावून पडली होती. मी तेव्हा दुसऱ्यांच्या पोरांची रात्रपाळी करत होते. शेजारच्या ग्लॅडिसने फोन केला, पोरीचे ओठ निळे पडलेत म्हणून. त्या दिवसापासून मला निळा रंग सहन होत नाही. हे मी कुणाला बोलत नाही, इथे लिहिते.

पाच दिवस. नदी. नर्स नाही. फ्रेडीबाईंना म्हटलं, "ही वयाने लहान नाही का सहलीला?" तर त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी?" आणि निघून गेल्या. काय बोलायची पद्धत!

१० जुलै, बुधवार

सकाळी झेंड्यापाशी मॉड खोकली. तीनदा. कोरडा खोकला. मी मोजले. फ्रेडीबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "ऐकलं मी. धूळ आहे." धूळ! यांना फुप्फुसातलं काय कळतं?

११ जुलै, गुरुवार

पुन्हा खोकली. जेवताना. दोनदा.

१२ जुलै, शुक्रवार

लिहू नये असं वाटतं. तरी लिहायलाच हवं, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी दहाला मोठ्या मुलींचा पोहायचा तास. मी कपडे बदलायच्या खोलीमागे जाऊन उभी राहिले. मॉड काठाजवळ उथळ पाण्यात होती, ओडेसा तळाशी टाकलेली रिंग काढायला बुडी मारत होती. मॉडने मला बघितलं. मी हाताने बोलावलं. ती मान हलवत नाही म्हणाली. मी पुन्हा बोलावलं. पुढच्या बाजूने आली असती तर ग्रीरने विचारलं असतं, म्हणून होड्या ठेवतात तिकडून बाहेर आली, टॉवेल गुंडाळून, दात खात.

"काय आहे?"

"दोन मिनिटं. छाती ऐकू दे."

"आई, मी बरी आहे!"

"दोनच मिनिटं म्हटलं ना."

दवाखाना वर टेकाडावर, पाइनच्या झाडांपलीकडे. तिला खाटेवर बसवलं. छाती साफ होती. माझा विश्वास बसेना, परत ऐकली. परत साफ. मग श्वासाचा जोर मोजायच्या नळीत फुंकायला लावलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा फुंकत होती आणि भोंगा झाला.

तो भोंगा म्हणजे पाण्यात कुणीतरी हरवलं, तो झाला की नर्सने ऑक्सिजन घेऊन धावायचं. मी पिशवी उचलली. मॉड उठून उभी राहिली, "आई, थांब, माझा—"

"बस म्हटलं ना तिथंच! हलायचं नाही!"

आणि धावले.

खाली कुणी ओरडत नव्हतं, हेच भयंकर होतं. मुली हिरवळीवर आपापल्या केबिनच्या रांगेत बसलेल्या, हुंदके दाबत. पाण्यात मोठ्यांची साखळी. ग्रीरच्या हाताखालच्या मदतनीस मुली, शिक्षिका, एप्रनसकट आचारी, घोडे सांभाळणारा म्हातारा, सगळे छातीभर पाण्यात एकमेकांचे कोपर धरून पायाने तळ चाचपत पुढे सरकत होते. खोल पाण्यात बुड्या. मी धक्क्यावर गुडघे टेकून नळी जोडली, मुखवटा काढला, सगळं हाताशी मांडलं. हात अजिबात कापत नव्हते, मला माझाच अभिमान वाटला. "कोण?" म्हणून विचारलं. फ्रेडीबाईंनी तोंड फिरवलं. मनात आलं, कुणाची असेल बिचारी, कुणाच्या आईला आता फोन जाणार?

मग टेकाडावरून मॉड धावत आली. टॉवेल कुठेतरी पडलेला. "मी इथे आहे! मी इथे आहे!"

तेव्हा मला कळलं. त्यांनी मला नाव सांगितलं नव्हतं, मी आई म्हणून.

ग्रीर पाण्यातून बाहेर आली आणि धक्क्यावर बसकण मारून रडली. ती, फौजदार. फ्रेडीबाईंनी मॉडचे दोन्ही खांदे धरले. "कुठे होतीस?"

मॉडने माझ्याकडे बघितलं. एवढंसं. मग म्हणाली, "पंप आणायला दवाखान्यात गेले होते."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

"लोरेन, तुला दिसली नाही ही?"

आणि माझ्या तोंडून गेलं, "मी मागच्या खोलीत होते. औषधं लावत होते."

आठवडाभर पाणी बंद. म्हणजे एकोणीसपर्यंत. तळं ओलांडायचं अठराला.

१३ जुलै, शनिवार

ओडेसाला दवाखान्यात आणलं. कालपासून पोटात काही ठरत नाही. खारी बिस्किटं आणि आल्याचं सरबत दिलं. एरवीचा तोंडाचा पट्टा बंद. सरबताचा एक घोट घेतला आणि म्हणाली, "नर्सबाई, मी रिंग घेऊन वर आले तर ती नव्हती. मला वाटलं गंमत करतेय. मी दहापर्यंत मोजलं. मग शिट्टी झाली तेव्हा एकच हात वर केला."

"बरं केलंस."

"दहा मोजले मी! त्या दहात ती बुडाली असती तर?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. एवढंच केलं. नंतर तिने विचारलं, "ती मला न सांगता का गेली? जोडीदारीण होते ना मी?" मी म्हटलं, "सरबत संपव."

आता मी काय करायला हवं होतं? खरं सांगितलं तर मला काढतील. मला काढलं की मॉडलाही जावं लागेल, अख्खा उन्हाळा बुडेल. म्हणजे मी गप्प आहे ते तिच्याचसाठी. सहल काय, पुढच्या वर्षी होईल. एक वर्षाने मोठीही होईल, छाती भक्कम होईल. उलट देवानेच—

नाही. हे वाक्य मी पुरं करणार नाही.

१४ जुलै, रविवार

मॉड जेवायला एकटी बसली. ओडेसा दुसऱ्या टेबलावर. केबिनमधल्या मुली मॉडला "बिल्ला" म्हणून हाक मारतात म्हणे. ती ऐकून न ऐकल्यासारखं करते.

पत्र लिहून आणलं होतं. जाडजूड. आज पत्त्यावर दोन्ही हात. बापाला माझी सगळी चुगली गेली असणार. मी बघत राहिले. तिनेही माझ्याकडे बघितलं, सरळ, डोळे न हलवता. माझीच नजर खाली गेली.

दुपारी मागे गाठून म्हटलं, "मॉड, मी तुझ्याचसाठी..."

"नर्सबाई," ती म्हणाली, "मला बरं आहे. तुम्ही तुमचं काम करा."

तुम्ही! मला!

१५ जुलै, सोमवार

ओडेसाच्या आईवडिलांना फ्रेडीबाई फोन करणार आहेत, घेऊन जा म्हणून. पोरगी पाण्याजवळसुद्धा जात नाही. काठावर उभी केली तर पळून येते. हे सकाळी ग्रीरने सांगितलं आणि माझ्या हातून मलमपट्टीचा डबा खाली पडला.

मी पाण्याला भिते ती सात वर्षांची असल्यापासून. चुलत भावाने बुचकळलं होतं, आणि तो नंतर म्हणाला, मी नाही, तीच घसरली. सगळ्यांनी त्याचंच खरं मानलं. आता चाळीस वर्षं होतील. मी एका पोरीचं तेच करायला निघाले होते.

गेले. फ्रेडीबाई स्वयंपाकघरामागे पायरीवर बसून मक्याची कणसं सोलत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. बोलावलं मी, थांबवलं मी, तिचं बोलणं तोडलं मी, आणि खोटं बोलले तेही मी. आणि मग, कसं कोण जाणे, तेही बोलून गेले, "सहल चुकली याचा मला आनंद झाला होता, बाई. खरंच झाला होता."

त्या कणीस सोलतच होत्या. "अकरा मिनिटं, लोरेन. त्या अकरा मिनिटांत मी तुझ्या पोरीला पुरून आले. तुला कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत होते मी."

मी रडायला लागले. त्यांनी माझ्या हातात एक कणीस दिलं. "सोल. रडत सोललं तरी चालतं."

सोललं.

"मला सांगून भागणार नाही," त्या म्हणाल्या. "आत्ता जाऊन ओडेसाला सांग. उद्या सकाळी झेंड्यापाशी सगळ्यांना."

"मला काढणार?"

"काढायला दुसरी नर्स कुठाय? चल, ऊठ."

ओडेसाने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे ती मला सोडून नव्हती गेली?" "नाही गं. मी ओढून नेली." तर ती मला बाजूला सारून बाहेर पळाली. माफी वगैरे काही नाही. मी मागितली होती, ती ऐकायलासुद्धा थांबली नाही.

१६ जुलै, मंगळवार

झेंड्यापाशी बोलले. एकशे बारा मुली, शिवाय आचारी. दोन वाक्यं पाठ केली होती, त्यातलं एकच आठवलं. मागून एक चिमुरडी मोठ्याने म्हणाली, "मग नर्सबाईंचं पाणी बंद करा!" दुसरी म्हणाली, "त्या उतरतातच कुठे पाण्यात?" सगळा कॅम्प हसला. मीही हसले असते, पण मी अजून ते दुसरं वाक्य शोधत होते.

फ्रेडीबाईंचा निकाल असा. मॉडने बिल्ला उलटला नाही ही चूक मॉडचीच, कुणी का बोलावेना. तिची शिक्षा उद्या रात्री संपते, पाच दिवस पुष्कळ झाले. आणि नर्सबाईंनी आठवडाभर पोहायच्या प्रत्येक तासाला फळ्यापाशी उभं राहायचं. येणारीचं नाव घ्यायचं, जाणारीचं नाव घ्यायचं. बिल्ल्याला हात लावायचा नाही.

ग्रीर म्हणाली, "मला हे पटलेलं नाही," आणि माझ्या हातात शिट्टी दिली.

नंतर मॉड आली. चिडलेली असेल वाटलं. म्हणाली, "तू सांगशील हे मला माहीत होतं. कधी, एवढंच माहीत नव्हतं."

"मग तू का नाही सांगितलंस?"

"ते तुझं होतं सांगायचं," म्हणाली आणि गेली. तू म्हणाली.

१८ जुलै, गुरुवार

सकाळी सात. तळ्यावर धुकं. पोहणारीबरोबर एक होडी असते, वल्हवायला मोठं माणूस आणि नजर ठेवायला पोहणारीने निवडलेली एक मुलगी. मॉडने ओडेसाला निवडलं. ओडेसा होडीत चढताना थांबली, पाण्याकडे बघितलं, ओठ चावला आणि चढली.

मॉडने बिल्ला उलटला. मी नाव घेतलं, "मॉड पेल्टियर, पाण्यात." ग्रीर म्हणाली, "मोठ्याने." परत घेतलं.

फळ्यापाशी उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसत नाही, होड्या ठेवायची शेड आड येते. मला फक्त तो लाल बिल्ला दिसत होता. छप्पन्न मिनिटं. त्यावर एक टवका उडालेला आहे, तोही मला पाठ झाला. पलीकडून घंटा वाजली, म्हणजे पोचली. मग होडीतून परत आणली, ब्लँकेट गुंडाळून. ओठ निळे. छाती वरखाली होत होती, श्वासाची शीळ इथपर्यंत ऐकू येत होती. मी पाऊल उचललं आणि ग्रीरने माझी बाही पकडली. घट्ट.

मॉड पायरीवर बसली. पाकिटातून पंप काढला, हलवला, एक फवारा. मग ओडेसाकडे बघितलं. ओडेसाने घड्याळ धरलं होतं, साठपर्यंत मोजत होती, मोठमोठ्याने. दुसरा फवारा. मग दोघी तशाच बसून राहिल्या. हळूहळू शीळ बंद झाली. ओठ गुलाबी झाले.

मग उठली, फळ्यापाशी आली, बिल्ला पांढरा केला. "नाव घ्या, नर्सबाई."

घेतलं.

सहलीच्या कागदावर दुपारी सही करून दिली. पालक म्हणून. सही वाकडी आली.

२९ जुलै, सोमवार

गेल्या. तळं ओलांडलेल्या आठही जणी सहलीला, ओडेसासुद्धा. मी मॉडला चार पानं लिहून दिली होती, काय झालं तर काय करायचं. तिने एक पान ठेवलं, तीन परत दिली. "हे तिसरं पान म्हणजे नुसतं पहिलंच परत आहे, आई."

३० जुलै

दुपारी चारच्या सुमारास उगीच जीव कासावीस झाला. काही नाही, उकाडा असेल.

१ ऑगस्ट

कपाट लावलं. काल लावलेलंच.

२ ऑगस्ट, शुक्रवार

आल्या. काळ्याठिक्कर, वास मारणाऱ्या, एकदम आठ जणी एकाच वेळी बोलणाऱ्या. मॉडच्या तळहातांना घट्टे. "कशी झाली?" "मस्त." "धाप वगैरे?" "भूक लागलीय, नर्सबाई." ग्रीरने सहलीची वही सरळ फ्रेडीबाईंच्या हातात दिली. मी वहीकडे बघितलं, मग खिडकीकडे. नियम तो नियम. चला, निदान काही झालं नाही.

११ ऑगस्ट, रविवार

घरी. ग्लॅडिसने उन्हाळाभरचं टपाल बुटांच्या खोक्यात भरून ठेवलं होतं. बिलं, जाहिराती, आणि सात पाकिटं. मॉडचं अक्षर. सगळी माझ्या नावाने, या पत्त्यावर.

बापाला एकही नाही. सगळी मला.

मी स्वयंपाकघरात खाली फरशीवरच बसले. मॉड वर तिच्या खोलीत ओडेसाशी फोनवर, खिदळतेय.

चौदा जुलैचं आधी फोडलं. "आई, तू अजून सांगितलं नाहीस. मला तुझा इतका राग आलाय की पेन्सिल दोनदा मोडली. ओडेसाला मी सांगू शकते, पण सांगणार नाही. तू सांगशील. तू घाबरलीस की आधी चुकीचं करतेस, मग बरोबर. हे तू वाचशील तेव्हा आपण घरी असू आणि मी बहुतेक तुझ्यावर कशावरून तरी चिडलेली असेन. ता. क. मी पत्ता झाकलाय आणि तू तेच तोंड करून बघते आहेस. तुला वाटतंय मी बाबांना लिहितेय."

मग शेवटचं, चार ऑगस्टचं. एवढंसं आहे. "आई, सहलीत दुसऱ्या दिवशी दुपारी मला मोठी धाप लागली. त्या तळ्यावरच्यापेक्षा मोठी. मी घाबरले. पान वाचलं. पंप, मिनिट, पंप, बसून राहायचं, बोलायचं नाही. ओडेसाने मोजलं, बाकीच्यांनी तंबू लावला. वीस मिनिटांत गेली. ग्रीरने वहीत लिहिलंय, फ्रेडीने डॉक्टरला विचारलंय, तो म्हणाला बरोबर केलंस. तुला तेव्हा सांगितलं असतं तर पुढच्या वर्षीचं सगळं बंद झालं असतं. पण लपवायचं मला नाही. म्हणून इथे लिहिलं. आता तुला कळलं. आता तू काय करतेस ते बघू."

तीस जुलै. मी त्या दिवशी उकाडा लिहिलंय.

वाटलं, धावत वर जावं, तिचे खांदे धरावेत, छाती ऐकावी, स्टेथोस्कोप पिशवीतच होता. काढलासुद्धा. मग खोक्यातलं फ्रेडीबाईंचं पाकीट दिसलं, पुढच्या उन्हाळ्याचे दोन कागद. एक मॉडचा. एक माझा, नर्स म्हणून येणार का. वर बाईंच्या अक्षरात, "फी माफीसाठी दुसरेही मार्ग आहेत. विचार."

मॉडचा भरला. "यंदा दम्याचा त्रास झाला का?" झाला. "कुणी हाताळला?" तिथे मी तिचं नाव लिहिलं. सही केली. या वेळी सरळ आली.

माझा कागद फाडला. फाडल्यावर परत तुकडे जुळवून बघितले, आणि टाकले.

मग खालूनच हाक मारली, "मॉड!"

"काय?"

"सातही पत्रं मिळाली."

वरचं खिदळणं थांबलं. पायऱ्यांवर पावलं वाजली, मधेच थांबली. "मग?"

"मग काय. कागद टेबलावर ठेवलाय. पाकिटात घालून टपालात टाकायचं काम तुझं."

ती खाली आली, कागद वाचला. दोनदा वाचला. मग खिळ्याला अडकवलेली माझी गाडीची किल्ली उलटी होती, ती तिने बिल्ल्यासारखी सुलटी केली आणि म्हणाली, "नर्सबाई, घरात."